कूटलेखनाची लायब्ररी आणि तिचा आधार

पायथॉन भाषेतील 'क्रिप्टोग्राफी' ही लायब्ररी वापरण्यास सोपी आहे. मात्र एईएससारख्या पद्धतींचे प्रत्यक्ष गणित ती स्वतः करीत नाही. ते काम ती मुख्यतः सी भाषेतील ओपनएसएसएलकडे सोपविते. म्हणून आधारातील दोष वरच्या आज्ञावलीसही भोवू शकतो. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेरच्यांना वाचता येत होती. कूटपद्धती निर्दोष होती; ओपनएसएसएलमध्ये आलेल्या संदेशाची लांबी तपासली जात नव्हती.

या लायब्ररीच्या तयार 'व्हील' संचात ओपनएसएसएलची स्वतंत्र प्रत अंतर्भूत असते. त्यामुळे केवळ संगणकावरील ओपनएसएसएल अद्ययावत करून भागत नाही. लायब्ररीचीही नवी आवृत्ती घ्यावी लागते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून दोन्ही आवृत्त्या तपासून घेणे इष्ट ठरेल.