बाबेलच्या नद्या आणि दापोऱ्याची ओसरी

गेल्या उन्हाळ्यात बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा गावी एका परिचित कुटुंबात दोन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. घर केळीच्या बागाईतदाराचे. रात्रीची प्रार्थना आटोपून आम्ही ओसरीवर बसलो असता घरधन्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले. अकरावीत शिकणारा त्यांचा मुलगा पाण्याची पाळी देताना, जेवताना, किंबहुना झोपतानाही कानांतले इअरफोन काढीत नाही. ऐकतो काय, तर रेगे, रॉक आणि हिप हॉप! "याच्या कानात दिवसभर कुणीतरी भांडत असतं," ते म्हणाले. "तुम्ही त्याला दोन शब्द सांगा." रागाच्या भरात त्यांनी एकदा मोबाइल काढूनही घेतला होता, आणि त्यानंतर बापलेकांमधले बोलणे कामापुरतेच उरले होते.

उपदेशाचे दोन शब्द आम्ही मनात जुळवूही लागलो होतो. परंतु जे ऐकले नाही त्याची निंदा करणे बरे नव्हे, म्हणून मुलास जवळ बोलाविले आणि त्याच्या इअरफोनची एक बाजू आमच्या कानास लाविली. त्याने जे पहिले गाणे लाविले ते ऐकून आम्ही चपापलो. ते चक्क स्तोत्र होते!

बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनेच्या आठवणीने रडणाऱ्या बंदिवानांचे 137 वे स्तोत्र आमच्या वाचकांस परिचित आहे. जमैका बेटावरील मेलोडियन्स नावाच्या गायकत्रयीने 1970 साली त्यास रेगेची चाल दिली. त्यात 19 व्या स्तोत्रातील एका वचनाचीही भर घातली. पुढे 1978 मध्ये बोनी एम. या मंडळीने तेच गीत जगभर पोहोचविले. मुलाला ते गाणे पाठ होते; ते स्तोत्र आहे हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. आणि वडिलांस स्तोत्र ठाऊक होते, पण ते आपल्याच घरात रोज वाजते आहे, याची वार्ता नव्हती.

जमैकातील बहुसंख्य लोक हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांचे वंशज. गुलामी कायद्याने 1838 साली पुरती संपली, दारिद्र्य संपले नाही. परक्या भूमीत आपले गाणे कसे गावे, हा त्या स्तोत्रातील प्रश्न त्यांना पुस्तकातला वाटला नाही, स्वतःचाच वाटला. रेगे हे नाव ज्या गीतामुळे रूढ झाले ते 1968 साली गाणारा टूट्स हिबर्ट लहानपणी प्रार्थनामंदिरात गातच मोठा झाला होता. या संगीताचा ठेकाही मोठा नवलाचा. आपण समेवर थाप देतो. तेथे पहिल्या मात्रेवर ढोल पुष्कळदा मुका राहतो आणि जोर तिसरीवर येतो. प्रथम ऐकणाऱ्यास काहीतरी चुकले असे वाटते. दहा मिनिटांनी मात्र आमचाही पाय हलू लागला, हे येथे कबूल करून टाकतो.

या रेगेचा सर्वांत मोठा गायक बॉब मार्ली. 1945 साली तो एका खेड्यात जन्मला आणि किंग्स्टन शहराच्या गरीब वस्तीत वाढला. त्याचा ‘एक्सोडस’ हा 1977 चा अल्बम. नाव थेट निर्गमाच्या पुस्तकाचे. त्या काळी जमैकात दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे रक्त सांडीत होत्या. डिसेंबर 1976 मध्ये मार्लीच्या घरात शिरून मारेकऱ्यांनी त्याच्यावरही गोळ्या झाडल्या. तो वाचला. पुढे 22 एप्रिल 1978 रोजी किंग्स्टनमधील जलशात त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा या दोघांस रंगमंचावर बोलाविले आणि त्यांचे हात आपल्या डोक्यावर उंच धरून एकमेकांत गुंफविले. रक्तपात काही त्या रात्रीने थांबला नाही. तरीही असे धाडस किती गायकांनी केले असेल? मार्ली रास्ताफारी पंथाचा होता. त्या पंथात गांजा पवित्र मानतात, आणि ती गोष्ट आम्हांस मुळीच मान्य नाही. मुलासही तसे स्पष्ट सांगितले. आयुष्याच्या अखेरीस, 1980 साली, त्याने इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला आणि 11 मे 1981 रोजी, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी, कर्करोगाने तो निवर्तला.

रॉकविषयी थोडक्यात आटोपतो, कारण त्या गोंगाटात आमचे कान फार वेळ टिकले नाहीत. तथापि विजेची गिटार गळ्यात अडकवून भक्तिगीते गाणारी सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री रॉकच्या उगमाशी उभी आहे. (ती धर्मभगिनी नव्हे, ‘सिस्टर’ ही तिच्या मंडळीतील हाक.) आणि ज्याच्या कंबर हलविण्यावर आईबापांनी एके काळी डोळे वटारले, त्या एल्व्हिस प्रेस्लीला ग्रॅमी पारितोषिके मिळाली ती तीन, आणि तिन्ही भक्तिगीतांसाठी!

आता हिप हॉप, म्हणजे ते ‘भांडण’. लग्नसराईत आपल्याकडे ध्वनिवर्धकांची उतरंड रचलेली डीजेची गाडी येते. जमैकात 1950 च्या सुमारास असेच होते. घरोघरी तबकड्या वाजविण्याची ऐपत नव्हती, म्हणून मोठमोठे कर्णे घेऊन लोक रस्त्यावरच नाच भरवीत, आणि वाजत्या तबकडीवर एक जण तालात बोलत असे. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कँपबेल नावाचा मुलगा 1967 साली न्यूयॉर्कला गेला. तेथील ब्रॉन्क्स भागातील एका इमारतीत 11 ऑगस्ट 1973 रोजी त्याच्या बहिणीने शाळेसाठी नव्या कपड्यांचे पैसे उभे करण्याकरिता नाचाचा कार्यक्रम ठेविला. यंत्र चालविण्यास क्लाइव्ह. कूल हर्क या नावाने जग त्यास ओळखते. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा येताच लोक बेभान होतात, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तोच तुकडा तो लांबवीत नेई. त्या तालावर शब्द बोलले जाऊ लागले आणि हिप हॉप जन्मास आले.

मुंबईस ते पोहोचले आणि तेथील गल्ल्यांनी ते आपलेसे केले. अंधेरीच्या जे. बी. नगर परिसरात वाढलेला विवियन फर्नांडिस हा ख्रिस्ती घरातला तरुण ‘डिव्हाइन’ या नावाने हिंदीत रॅप करतो. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, याच्यासह त्याने 2015 साली ‘मेरे गली में’ हे गीत केले. या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट 2019 साली आला. त्याच वर्षी डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ आणि पुढल्या वर्षी ‘पुण्य पाप’ हे अल्बम निघाले. मराठीही मागे नाही. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या तरुणांनी आरेच्या जंगलातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 2019 साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले. आरेतील झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी पाडली गेली ती त्याच साली.

वडिलांची भीती निराधार होती काय? नव्हे. मुलाच्या यादीतील काही गाणी आम्ही मध्येच थांबविली. शिव्या, सोन्याच्या साखळ्या, मोटारी आणि स्त्रियांविषयी असे शब्द, की जे आपल्या आईसमोर कोणी मोठ्याने वाजवू शकणार नाही. हीच कसोटी आम्ही त्यास सुचविली. त्याने खाली मान घातली आणि आमच्यादेखत चार गाणी काढून टाकली. पाचव्यावर मात्र हुज्जत घातली. आणि ऐकल्यावर आम्हांसही वाटले, की त्याचेच बरोबर आहे.

मग, बराच वेळ चुळबुळ करून, त्याने वहीची मागची पाने उघडली. स्वतःचे काही लिहिले होते. बोलीभाषा घरचीच. विषय, मेच्या वादळात एका रात्रीत आडवी झालेली त्यांची बाग आणि दुसऱ्या दिवशी पडलेले घड पाहून व्यापाऱ्याने सांगितलेला भाव. बोटांनी खाटेच्या पाटीवर ताल धरून त्याने ते म्हणून दाखविले. गाण्यात वडील होते. चिखलात उभे, न बोलणारे.

घरधनी कंदिलाच्या उजेडाबाहेर बसले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा आम्हांस दिसला नाही. गाणे संपल्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ते खाकरून म्हणाले, "भाव चुकला तुझा. त्याने त्याहून कमी सांगितला होता."

"किती, बाबा?" मुलाने पेन हातात घेतले.