हात शाबूत, तरी आगडोंब

दौंड जंक्शनात मनमाडकडची लाइन पुणे-सोलापूर मार्गाला मिळते आणि रात्रभर मालगाड्या धडधडत राहतात. रुळांलगतच्या घरांत तरीही माणसं गाढ झोपतात, पण पाळण्यातलं मूल जरा किरकिरलं की आई उठून बसते. ही नुसती सवय म्हणावी, तर मोठा आवाज सोडून बारीक आवाज निवडतं कोण? त्या निवडीत मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसचा मोठा वाटा आहे. डोळा, कान, त्वचा यांचे संदेश इथूनच मेंदूच्या बाह्यस्तराकडे जातात. (वास तेवढा आधी इथे थांबत नाही; गाळपाच्या दिवसांतला मळीचा वास वेगळ्या वाटेने आत शिरतो.) झोपेत थॅलॅमसमधून चातीच्या आकाराच्या लहरी उठतात. ज्यांच्या झोपेत त्या जास्त, त्यांची झोप आवाजाने सहसा मोडत नाही, असं 2010 साली बॉस्टनमधल्या संशोधनात दिसलं. म्हणजे थॅलॅमस हा निव्वळ टपाल पोचवणारा नव्हे. त्याच्या दृष्टिकेंद्रात डोळ्याकडून येणारे जोड जेमतेम दहावा हिस्सा असतात. बाकीचे बहुतेक मेंदूतूनच आलेले. काय पुढे सोडायचं, हे मेंदू सतत मागून सांगत असतो.

थॅलॅमसची हीच चौकी बिघडली तर काय होतं, हे 1906 साली पॅरिसमध्ये देजेरिन आणि रूसी यांनी नोंदवलं. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर ज्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, तो झटका थॅलॅमसमध्ये आला तर शरीराची विरुद्ध बाजू बधिर होते. काहींच्या बाबतीत हात पुन्हा हलू लागतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी त्याच हाताची आग आग सुरू होते. चादरीचा काठ लागला तरी जीव कळवळतो, गार तांब्या धरवत नाही. एक्स-रे स्वच्छ, कातडीवर ओरखडाही नाही. मग घरात कुणी सोंग म्हणतं, कुणी बाहेरचं. हाताला काही झालेलं नाही तर दुखणं खोटं, हा तर्क सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. काटा पायात मोडला तरी कळ मेंदूतच उमटते. इथे काट्याविना तीच यंत्रणा पेटलेली असते. सगळा दोष एकट्या थॅलॅमसचाही नाही, कारण त्याच्याकडे येणारी वेदनेची वाट खाली मेंदूच्या देठात तुटली तरी अशीच आग होते. दुखण्याचं मूळ हातात नसून मेंदूत असल्यानेच नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. अमिट्रिप्टिलीन किंवा लॅमोट्रिजीनने काहींना उतार पडतो. पण ती औषधं सुचायची तर 'हात दुखतो' एवढंच डॉक्टरांना सांगून चालत नाही. वारं कधी गेलं, कुठल्या अंगावरून गेलं आणि आग त्याच अंगाला आहे का, हे घरच्यांनी आधी सांगायला हवं.