शैवले, मत्स्यखाद्यातील

संवर्धित माशांच्या खाद्यात मासळीचे पीठ व माशांचे तेल यांच्याऐवजी किंवा त्यांच्या जोडीने शैवले वापरतात. यांत एककोशिक सूक्ष्मशैवले महत्त्वाची होत. समुद्रतणांत खनिजे फार व प्रथिने बहुधा कमी असल्याने त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

सामनसारख्या मांसाहारी माशांचे खाद्य दीर्घकाळ समुद्रातील लहान माशांवर अवलंबून होते. १९७२-७३ मध्ये एल निन्योच्या वेळी पेरूची अँकोव्हेटाची मासेमारी कोसळली, तेव्हा मासळीच्या पिठाचा जागतिक पुरवठा किती अनिश्चित आहे, हे दिसून आले. नॉर्वेत सामनच्या खाद्यातील सागरी घटकांचे प्रमाण १९९० मधील सु. ९०% वरून २०१३ पर्यंत सु. ३०% वर आले; त्यांची जागा मुख्यतः सोयाबीन व रेपतेल यांनी घेतली. प्रथिनांचा प्रश्न यामुळे बराचसा सुटला, तेलाचा मात्र सुटला नाही. या वनस्पतिजन्य तेलांत ईपीए व डीएचए ही दीर्घ शृंखलेची ओमेगा-३ वसाम्ले नसतात. परिणामी स्कॉटलंडमधील संवर्धित सामनच्या मांसातील त्यांचे प्रमाण २००६ ते २०१५ या काळात सु. निम्म्यावर आले. ज्या गुणासाठी हा मासा आहारात सुचविला जातो, तोच असा उणावला.

वस्तुतः सागरी मासे ही वसाम्ले स्वतः फारशी तयार करीत नाहीत. सूक्ष्मशैवलांत ती बनतात व प्राणिप्लवकांमार्फत माशांकडे येतात. हे मधले दुवे वगळणे, हेच शैवलांच्या वापरामागील खरे तत्त्व होय. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए विपुल असते. डीएचएसाठी शायझोकिट्रियम वाढवितात. तो काटेकोरपणे शैवल नव्हे, तरी व्यापारात त्याच्या तेलास शैवलतेलच म्हणतात. तो प्रकाशाविना, बंद टाक्यांत शर्करेवर वाढतो. अमेरिकेत नेब्रॅस्का राज्यातील ब्लेअर येथे २०१९ मध्ये अशा तेलाचा मोठा कारखाना सुरू झाला. तेथे मक्यापासून काढलेली द्राक्षशर्करा वापरतात. म्हणजे समुद्रावरील भार शेतीवर येतो, हे विसरता येत नाही.

स्पिरुलिनाच्या शुष्क वजनात सु. ५५ ते ७०% प्रथिने असतात, पण ती सोयाबीनच्या मानाने फार महाग पडतात. क्लोरेलाची कोशिकाभित्ती चिवट असल्याने ती फोडल्याशिवाय माशांना नीट पचत नाही. हीमॅटोकॉकसपासून मिळणाऱ्या ॲस्टॅक्झँथिनाने सामनच्या मांसास तांबूस रंग येतो.

भारतीय कार्प माशांची स्थिती निराळी आहे. गोड्या पाण्यातील हे मासे लघुशृंखल वसाम्लांपासून दीर्घशृंखल वसाम्ले काही प्रमाणात बनवू शकतात. शिवाय शेणखत घातलेल्या तळ्यात शैवले आपोआप वाढतात व त्यांवर जगणारे प्लवकही माशांना मिळतात. त्यांच्यासाठी शैवलतेलाचा खर्च सहसा परवडणारा नाही. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत मात्र डिंभांना कीटोसेरॉससारखी जिवंत शैवले द्यावीच लागतात.