आवाज का फाटतो? मोबाइलवर गाणं टिपताना होणारे गैरसमज

तान्ह्या पोळ्याला नागपुरातल्या इतवारीच्या अरुंद रस्त्यांवरून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात. सोबत बडगे, ढोल-ताशे, संदल, धुमाल. 1880 च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक आता जो तो आपल्या मोबाइलवर टिपतो आणि संध्याकाळपर्यंत ते व्हिडिओ घरोघरी पोचतात. चित्र स्वच्छ असतं, आवाज मात्र फाटलेला. ताशाच्या काडीचा एकेक ठोका सुटा ऐकू येण्याऐवजी सलग खरखर येते आणि ढोलाचा घुमारा त्या खरखरीत बुडून जातो. मग 'फोनच साधा आहे, काय करणार' म्हणून विषय संपतो. फोनच्या किमतीचा यात वाटा थोडा. आवाज फाटतो तो लेव्हल चुकल्यामुळे, आणि ती सांभाळणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

हे मनावर घ्यायला हवं, कारण स्टुडिओचं दार फार थोड्यांसाठी उघडतं. वस्तीतलं भजनी मंडळ, भीमगीतं गाणारा स्थानिक संच, पहिल्यांदाच मंचावर बसलेली विद्यार्थिनी यांच्या कलेची एकमेव नोंद बहुतेक वेळा कुणाच्या तरी फोनमध्येच असते. ती फाटली की दुसरी नसते.

'आवाज कमी केला होता, तरी फाटला'

हा सगळ्यात साधा गैरसमज. फोनच्या कडेचं व्हॉल्यूमचं बटण आपल्याला ऐकू येणारा आवाज कमी-जास्त करतं. माइकमधून आत जाणाऱ्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. आत किती घ्यायचं ते 'गेन' ठरवतो आणि बहुतेक फोनमध्ये तो आपल्या नजरेआड, आपोआप बदलत असतो.

'नंतर एडिटिंगमध्ये दुरुस्त करू'

फोन आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा लिहून ठेवतो. 16 बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये हा आकडा वर 32,767 आणि खाली उणे 32,768 याच्यापलीकडे जाऊच शकत नाही. ही कमाल मर्यादा मीटरवर 0 डेसिबल म्हणून दाखवतात. बाकी सगळे आकडे तिच्या खाली, म्हणजे उण्यात. ताशाचा ठोका त्याहून मोठा आला, तर लहरीचा माथा तिथेच सपाट कापला जातो. तो माथा मुळात कसा होता, याची नोंद कुठेही उरत नाही. नंतर आवाज कमी केला तर तोच कापलेला माथा हळू आवाजात वाजतो, इतकंच. कापलेले माथे भरून काढणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती आजूबाजूच्या लहरींवरून अंदाज बांधतात. गायकाच्या एखाद्या उंच स्वरापुरतं ते चालून जातं. दहा मिनिटांच्या ताशावादनात अंदाजच ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आवाज दोन ठिकाणी फाटू शकतो. आकड्यांची मर्यादा ओलांडली गेली तर मीटर लाल होतो आणि आपल्याला कळतं. पण फोनमधला इवलासा माइक स्वतःच आवाज पेलेनासा झाला, तर मीटर हिरवा राहूनही रेकॉर्डिंग खरखरतं. अशा अनेक माइकची सहनशक्ती हवेतल्या आवाजाच्या मापात (मीटरवरच्या उण्या आकड्यांहून हे माप वेगळं) साधारण 120 डेसिबलच्या आसपास संपते आणि ताशाच्या अगदी पुढ्यात उभं राहिलं तर ठोक्याचं टोक त्या हद्दीजवळ जाऊ शकतं. तिथे गेन शून्यावर आणूनही उपयोग नाही, कारण नुकसान गेनच्या आधीच झालेलं असतं. हल्ली ज्याचं कौतुक होतं ते, आकड्यांची मर्यादा जवळजवळ न उरणारं 32 बिट फ्लोट रेकॉर्डिंगही इथे हात टेकतं. मागे सरणं हा एकच उपाय. मोकळ्या मैदानावर अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. इतवारीच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येत असल्याने तो तितका उतरत नाही, म्हणून तिथे आणखी मागे जावं, शक्य असेल तर एखाद्या माडीच्या गच्चीवर.

'ऑटो आहे ना, फोन सांभाळून घेतो'

सगळ्यात जास्त नुकसान हा समज करतो, कारण त्यात आवाज फाटत नाही, त्यामुळे काही बिघडलंय असंही वाटत नाही.

फोन मुळात बोलण्यासाठी बनवलेला आहे. बोलताना कुणी पुटपुटलं तरी ऐकू यावं आणि कुणी ओरडलं तरी कानाला त्रास होऊ नये, म्हणून आत एक स्वयंचलित नियंत्रण बसवलेलं असतं. आवाज वाढला की ते गेन खाली ओढतं, शांतता झाली की वर चढवतं. संभाषणात हे छान चालतं. आता त्याच्यापुढे खंजिरी भजन ठेवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भात गावोगाव पोचवलेल्या या प्रकारात एकटा आवाज, खंजिरीची थाप आणि मागून उसळणारा कोरस असा सतत चढ-उतार असतो. थाप पडली की फोन गेन ओढून घेतो आणि त्या थापेमागून येणारा शब्द दबतो. क्षणभर थांबलं की गेन वर येतो आणि मंडपातल्या पंख्याची घरघर पुढे सरकते. पुन्हा थाप, पुन्हा दबलेला शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं, गायकाला दम लागलाय.

शास्त्रीय मैफलीत तर याहून वाईट होतं. वसंतराव देशपांडे यांना गाण्याची सुरुवातीची तालीम नागपुरातच, शंकरराव सप्रे यांच्याकडे मिळाली. पुढे त्यांच्या गायकीत कुजबुजीसारखा हळुवार स्वर आणि पाठोपाठ झेपावणारी तान यांचं जे नातं होतं, त्यातच तिची गंमत होती. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्याच नावाने उभ्या असलेल्या सभागृहात आज कुणी तसं गायलं आणि ते ऑटोवर टिपलं, तर कुजबूज आणि तान जवळपास एकाच उंचीची होते. गायकाने जाणीवपूर्वक ठेवलेलं अंतर फोन पुसून टाकतो.

त्यात तंबोऱ्याचा बळी वेगळाच. पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करणारी सोय अनेक फोनमध्ये चालू असते. न थांबता एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, हा तिचा ढोबळ नियम. पंखा, एसी, इंजिन यांना तो बरोबर लागू पडतो. तंबोराही न थांबता, एकसारखा वाजतो. म्हणून तो कधी पुसट होतो, कधी फुगून वर येतो. तंबोरा असा येत-जात राहिलेलं रेकॉर्डिंग मला ऐकवत नाही, मग गायन कितीही चांगलं असो.

उपाय अवघड नाही. काही फोनच्या 'प्रो व्हिडिओ'मध्ये माइकच्या लेव्हलची पट्टी असते, ती हाताने लावता येते. तशी पट्टी नसेल, तर हाताने गेन लावू देणारं रेकॉर्डिंग ॲप घ्यावं. अँड्रॉइडमध्ये 2016 साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून, फोनने साथ दिली तर, प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याची सोय आहे. 'ओपन कॅमेरा'सारख्या मोफत ॲपमध्ये ऑडिओच्या स्रोतात तो पर्याय निवडता येतो. आणि गोंगाट कमी करणारी जी काही बटणं दिसतील, ती बंद.

'मीटर लाल टोकाला टेकला की रेकॉर्डिंग दमदार'

ही सवय कॅसेटच्या काळातली, आणि त्या काळी ती बरोबर होती. टेपची स्वतःची सूं-सूं मोठी असायची, म्हणून लेव्हल जितकी वर तितकं बरं. शिवाय टेप मर्यादेपलीकडे हळूहळू गढूळ व्हायची, एकदम कापायची नाही. डिजिटलमध्ये 0 च्या पलीकडे थेट कापाकापी.

मग वर किती जागा सोडायची? सगळ्यात मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबावा, असं धरून चालावं. यावर हमखास विचारलं जातं, की इतकं खाली ठेवलं तर मागची सूं-सूं येणार नाही का? हिशेब असा. 16 बिटमध्ये जवळपास 96 डेसिबलचा पल्ला मिळतो. त्यातले 12 सोडले तरी 84 उरतात. फोनच्या माइकची स्वतःची सूं-सूं हवेतल्या साधारण 30 डेसिबलच्या आवाजाइतकी असते, आणि पंखे फिरत असलेलं, माणसांनी भरलेलं सभागृह त्याहून गोंगाटाचं असतं. सोडलेल्या जागेमुळे काहीच हरवत नाही.

लेव्हल लावताना एकच पथ्य आहे. संचाला सगळ्यात जोराचा तुकडा वाजवून दाखवायला सांगावा आणि त्यावर लेव्हल लावावी. तरीही प्रेक्षक समोर आले की वाजवणाऱ्यांचे हात चढतात, हे गृहीत धरून आणखी थोडी खाली घ्यावी. एकदा लावली की कार्यक्रम संपेपर्यंत तिला हात लावू नये.

माइकच्या भोकावर कापूस, चिकटपट्टी किंवा बोट ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वरचे, तीक्ष्ण स्वर अडतात आणि ढोलाचा खर्ज आरपार जातो. आवाज बोदा होतो आणि फाटायचा तो फाटतोच. माइकवरचा स्पंज वाऱ्यासाठी असतो, लेव्हलसाठी नव्हे. शर्टाला लावायचे बिनतारी माइक छातीजवळच्या बोलण्यासाठी बनवलेले असतात. ते वापरायचेच तर गेन सगळ्यात खालच्या पायरीवर आणावा आणि फोनमधली पट्टीही खाली घ्यावी.

'साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ वायर घेतली की झालं'

मिक्सरच्या बाहेर पडणारा व्यावसायिक लाइनचा सिग्नल सव्वा व्होल्टच्या घरात असतो. फोनच्या हेडफोनच्या भोकातला माइकचा मार्ग मिलिव्होल्टची अपेक्षा करतो. सरळ वायर जोडली तर सिग्नल शेकडो पटींनी जास्त होतो आणि पहिल्या स्वरापासून फाटतो. मधे सिग्नल उतरवणारी पॅडची वायर हवी, किंवा लाइन इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस. आणि एवढं करूनही मिक्सरमधून फक्त माइक लावलेल्या गोष्टी मिळतात. ढोलाला माइकच लावलेला नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये ढोल जवळजवळ नसतोच, टाळ्याही नसतात. म्हणून मिक्सरचा आवाज एका फोनवर आणि सभागृहातला दुसऱ्या फोनवर घेऊन नंतर दोन्ही जुळवावेत. सुरुवातीला एक टाळी वाजवून ठेवली की जुळवणं सोपं जातं.

घरी आल्यावर लेव्हल वाढवायला हरकत नाही, पण सगळ्यात उंच टोक उणे 1 डेसिबलला थांबवावं. फाइल लहान करताना लहरींचे माथे किंचित सरकतात, आणि 0 ला टेकवलेलं रेकॉर्डिंग तिथे नव्याने कापलं जाऊ शकतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे जसा आहे तसाच पोचतो.