हलवा ताटात वाढा

संक्रांतीच्या आठवड्यात मुलांच्या खिशात तिळगूळ आणि हलवा सकाळपासून रात्रीपर्यंत असतो. दातांना खरा धोका असतो तो या सतत चघळण्याचा. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. काही मिनिटांतच सामू साधारण ५.५ च्या खाली उतरतो आणि दाताच्या वेष्टनातली खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निष्प्रभ करते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. दर वीस मिनिटांनी हलव्याचा दाणा तोंडात टाकला, तर लाळेला ती सवडच मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयातल्या, १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच दिसले : जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीने मात्र झपाट्याने वाढली. (बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना केलेला तो प्रयोग अक्षम्यच होता.)

गूळ नैसर्गिक, तो कसा बाधेल, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. पण गुळातही मुख्यतः साखरच असते, आणि चिक्कीचा कण दाढेच्या खाचेत अडकून राहतो. दुधाचे दात पडणारच, हेही ऐकू येते; पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात, कायमच्या दातांची जागा त्याच राखतात. म्हणून घरोघरून मिळालेला तिळगूळ डब्यात जमा करावा, जेवणाबरोबर वाढावा, वर पाणी द्यावे. रात्री फ्लोराइडची पेस्ट घेऊन, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आईवडिलांनीच दात घासून द्यावेत. त्यानंतर फक्त पाणी.