पित्त उठलं कुणामुळे?

गिरगावच्या खोताच्या वाडीत दुपारी शिरलात, तर लाकडी जिने आणि रंगीत व्हरांडे बघता बघता कुठूनतरी मासळी तळल्याचा वास येतोच. इथल्या अनंताश्रम खानावळीत माशाच्या ताटासाठी एकेकाळी लोक लांबलांबून यायचे. वाडीतल्या पाठारे प्रभूंचं काय, ईस्ट इंडियनांचं काय, मासळीवाचून पान हलत नाही.

समजा, इथल्या एखाद्या घरात बांगडा खाल्ला आणि तासाभरात कुणाच्या तरी अंगावर पित्त उठलं. आजी म्हणणार, "आमसुलाचं पाणी लावा." लावा खुशाल! पण हे केलं कुणी?

संशयित तीन. एक, खुद्द मासा. त्याच्या स्नायूतलं एक प्रथिन काहींना सोसत नाही. दोन, बर्फाविना पडून राहिलेला बांगडा. त्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात आणि ते शिजवूनही जात नाही. तिसरा सगळ्यात भन्नाट: अनिसाकिस नावाचा जंत.

त्याची अंडी देवमासे-डॉल्फिनच्या विष्ठेतून समुद्रात पडतात. अळी आधी कोळंबीच्या चिमुकल्या भाऊबंदांच्या पोटात जाते, मग माशाच्या. तो मासा देवमाशाने गिळला की स्वारी घरी पोचली! माणसाच्या पोटात ती येते ती पत्ता चुकून. माशात ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळं घालून बसते. उलगडली तर दोन-तीन सेंटिमीटर. नेदरलँड्समध्ये जेमतेम खारवलेला हेरिंग मासा खाऊन पोट दुखलेल्या माणसांत ती सापडल्याचं 1960 साली जाहीर झालं. आपल्या रटरटत्या कालवणात ती जगत नाही. उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवलं तरी मरते. तिची काही प्रथिनं मात्र उष्णतेलाही दाद देत नाहीत.

आता रक्ताची साक्ष काढू. ॲलर्जी असली की शरीर 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं बनवतं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोंनी ती 1966 साली ओळखली, तीही स्वतःच्या कातडीत टोचून घेत! रक्तात ती इतकी कमी असतात की शोधायला युक्तीच लागते. जंताची प्रथिनं एका पृष्ठभागावर चिकटवायची, त्यावर रक्तातला पाणीदार भाग सोडायचा. ओळखीची प्रतिपिंडं तिथे घट्ट बसतात, बाकीचं धुऊन जातं. मग प्रतिपिंडांना चिकटणारा रंग घातला की जितकी ती जास्त, तितका रंग गडद.

पण ही साक्ष जरा गोंधळलेली असते बरं का! कोळंबी, घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, आपल्या पोटातले साधे जंत, यांची काही प्रथिनं अनिसाकिसच्या प्रथिनांसारखीच दिसतात. त्यामुळे कोळंबीची ॲलर्जी असलेल्याची चाचणीही 'हो' म्हणू शकते. शिवाय जुनी भेटसुद्धा रक्त बरेच दिवस विसरत नाही. म्हणून डॉक्टर आधी काय खाल्लं, कच्चं की शिजलेलं, ते विचारतात, काही आठवड्यांनी पुन्हा तपासून प्रतिपिंडं वाढली का ते बघतात. पोट फारच दुखत असेल, तर दुर्बीण घालून जिवंत अळी चिमट्याने ओढूनच काढतात. याहून पक्का पुरावा कुठला?

आणि मासा, जंत, दोघांच्याही चाचण्या कोऱ्या आल्या, तर चौकशी स्वयंपाकघरात न्यायची: बांगडा ओट्यावर किती वेळ पडला होता?