जळालेल्या रिळातला पाऊस

१९९३ सालचा जुलै महिना. दक्षिण लंडनमधल्या हेंडरसन नावाच्या फिल्म लॅबोरेटरीला आग लागली. तिथं जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा होता, आणि नायट्रेट ही काय चीज आहे ते आधी ऐका. तोफगोळ्यांत वापरायच्या स्फोटक कापसाचं हे सख्खं भावंड. एकदा पेटलं की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच्याच पोटातून पुरवतं. हवा तोडा, वाळू टाका, पाण्यात बुडवा, ते जळतच राहतं! आणि सिनेमाची पहिली पन्नासएक वर्षं जगभरचे दिग्दर्शक याच पट्टीवर आपली स्वप्नं उतरवत होते.

त्या आगीत पंचवीसहून अधिक ब्रिटिश चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. त्यांच्याच सोबतीला भारतातून आलेले काही डबेही त्या इमारतीत होते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यांत होत्या. आल्या होत्या कशासाठी? दुरुस्तीसाठी! आदल्याच वर्षी, मार्च १९९२ मध्ये, राय यांना सन्मानाचं ऑस्कर मिळालं होतं. समारंभात दाखवायला त्यांच्या चित्रपटांतली दृश्यं शोधताना ऑस्करवाल्या अकादमीच्या लक्षात आलं की धड प्रतीच मिळत नाहीत. एप्रिलमध्ये राय गेले. मग त्यांचे चित्रपट नीट करून ठेवायचं ठरलं, डबे लंडनला पोचले, आणि हे झालं.

आता पुढची गोष्ट बघा. आगीतून जे बाहेर निघालं ते कुणी फेकून दिलं नाही. वितळलेले डबे, करपलेले तुकडे, राख, सगळं गोळा करून लॉस एंजेलिसला अकादमीच्या फिल्म संग्रहालयात पाठवलं गेलं. त्या वेळी या तुकड्यांना हात लावू शकेल अशी एकही लॅब जगात नव्हती. तरी त्यांनी ते जपून ठेवलं. वीस वर्षं! आपल्याकडे २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या फिल्म गेल्या. ते आठवलं की 'अजून कुणाला जमत नाही, पण उद्या जमेल' या भरवशावर राख सांभाळणाऱ्या माणसांचं मोल फार वाटतं.

पण इतका अट्टहास कशाला? 'पथेर पांचाली'च्या प्रती जगभर होत्या. त्यातली एखादी बरी प्रत घेऊन काम भागलं नसतं का?

याचं उत्तर निगेटिव्ह म्हणजे काय यात आहे. निगेटिव्ह ही प्रत्यक्ष कॅमेऱ्याच्या आत होती ती पट्टी. काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या रानात 'पथेर पांचाली'तली भावंडं अपू आणि दुर्गा उभी होती, त्यांच्या अंगावरून परतलेलं ऊन भिंगातून आत शिरलं आणि नेमकं याच पट्टीवर पडलं. बाकी सगळ्या प्रती म्हणजे तिच्या प्रतीची प्रत, मग तिचीही प्रत. प्रत्येक वेळी थोडी रेखीवता जाते, काळं अधिक काळं होतं, पांढरं अधिक पांढरं, आणि मधल्या राखाडी छटा एकेक करून नाहीशा होतात.

या राखाडी छटांना काय महत्त्व, असं वाटत असेल तर राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांची गोष्ट ऐका. 'पथेर पांचाली' सुरू झाला तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा त्याआधी चालवलेला नव्हता. पुढं 'अपराजितो'साठी बनारसमधल्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं गेलं. खऱ्या अंगणात वरून आकाशाचा मऊ, सावल्या न पाडणारा उजेड झिरपतो. स्टुडिओचे दिवे मात्र करकरीत सावल्या टाकतात. मित्रांनी डोक्यावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून येणाऱ्या उजेडात चित्रीकरण केलं. पडद्यावर आकाश अवतरलं! ही सगळी किमया राखाडी छटांची. चौथ्या-पाचव्या प्रतीत त्यातलं काय उरणार?

शिवाय ते क्षण पुन्हा घडवता येत नाहीत. 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण २७ ऑक्टोबर १९५२ ला त्या काशवनात सुरू झालं. आठवड्यानं मंडळी परत गेली तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले! पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावं लागलं. म्हातारी आत्या इंदिर ठाकरुण झालेल्या ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी तर चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच गेल्या. त्यांचा चेहरा आहे तो त्या पट्टीवर.

आणि ती पट्टी बनलेली कशाची असते? जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचा पातळ थर, त्यात चांदीच्या क्षारांचे स्फटिक. प्रकाश लागलेल्या जागी, रसायनात धुतल्यावर, शुद्ध चांदीचे सूक्ष्म कण उरतात. कृष्णधवल चित्रपट अक्षरशः चांदीत कोरलेला असतो! रंग विटतात तशी ही चांदी सहजी विटत नाही. आगीच्या धगीनं पट्टी आक्रसते, जिलेटिन मऊ होऊन एकमेकाला चिकटतं, पण चांदीला वितळायला ९६१ अंश सेल्सिअस लागतात.

२०१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन कलेक्शन या कंपनीनं अकादमीबरोबर हे काम हाती घेतलं आणि ते डबे उघडले गेले. फिल्म कडक, वेडीवाकडी झालेली, काही ठिकाणी निव्वळ कोळसा. पण घट्ट गुंडाळलेल्या रिळाच्या पोटात आग सहज शिरत नाही. कडा जळलेल्या, आणि मधे, चित्राच्या जागी, कितीतरी फ्रेम शाबूत!

मग हा ऐवज इटलीत बोलोन्याला गेला. 'लिम्माजिने रित्रोवाता' ही तिथली लॅब याच कामासाठी नावाजलेली आहे. पहिला प्रश्न असा की जी फिल्म उलगडायला गेलं की तुटते ती उलगडायची कशी? तिच्यातला ओलावा आणि लवचिकपणा आगीनं शोषून घेतला होता. तो परत द्यायला हवा. त्यासाठी वापरलं ग्लिसरीन, ॲसिटोन आणि पाणी यांचं मिश्रण. नखांचा रंग काढायला लागतं तेच हे ॲसिटोन! त्याचा स्वभाव फिल्मचं प्लास्टिक विरघळवण्याचा. म्हणजे ज्यात फिल्म बुडवली तर तिचा नाश ठरलेला, तेच बेतानं दिलं की ती मऊ होते आणि वळायला लागते.

यानंतरचं काम हातांचं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. त्यांत दाते अडकवून यंत्र फिल्म पुढं ओढतं. जळल्या होत्या त्या नेमक्या कडाच. तेव्हा चिमटे आणि भिंगं घेऊन माणसं बसली आणि भोकं पुन्हा घडवू लागली. वितळलेल्या चिकटपट्ट्या, जुना गोंद, मेण हे सगळं खरवडून काढलं. अशा हातकामाला जवळजवळ १००० तास लागले. एका सेकंदाला २४ फ्रेम आणि 'पथेर पांचाली' दोन तासांहून थोडा मोठा. हिशेब केला तर फ्रेम होतात सुमारे १ लाख ८० हजार.

यातून हाती काय आलं? 'पथेर पांचाली'चा ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्के भाग त्या जळालेल्या मूळ निगेटिव्हवरूनच घेता आला. 'अपूर संसार'च्या निगेटिव्हमधलं काहीच वापरण्याजोगं राहिलं नव्हतं. तो पूर्ण चित्रपट आणि बाकी दोघांतल्या रिकाम्या जागा वेगवेगळ्या संग्रहांत जपलेल्या जुन्या प्रतींवरून भरल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि हार्वर्डचं फिल्म संग्रहालयही त्यात आलं.

आता ही पट्टी स्कॅन होते, फ्रेमगणिक, आणि संगणकावर येते. इथं धुळीचा एक मजेदार कायदा कळतो. जुना चित्रपट पाहताना पडद्यावर ठिपके चमकतात ना? त्यातले पांढरे ठिपके म्हणजे निगेटिव्हवरची धूळ. प्रत काढताना त्या कणानं प्रकाश अडवला, तेवढी जागा कोरी राहिली. काळे ठिपके म्हणजे पॉझिटिव्हवर बसलेली धूळ. ठिपक्याचा रंग बघून जाणकार सांगू शकतो की हा कचरा कोणत्या पिढीत घुसला! पुढच्या वेळी जुना चित्रपट लागला की हे जरूर बघा.

ओरखडे घालवायची युक्ती तर इतकी साधी आहे की हसू येतं. न्हाणीघराच्या खरबरीत काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला की तेवढ्याच जागेतून पलीकडचं स्पष्ट दिसतं, हे तुम्ही पाहिलं असेल. काचेवरच्या बारीक खड्ड्यांत पाणी भरतं आणि प्रकाश वेडावाकडा न फाकता सरळ जातो. तसंच, प्लास्टिकइतकाच प्रकाश वाकवणारा एक द्रव निवडायचा आणि स्कॅन करताना फिल्म त्यातून भिजवून न्यायची. पाठीवरचे उथळ ओरखडे त्या क्षणापुरते नाहीसेच होतात!

उरलेले डाग संगणक शोधतो. कसे? प्रत्येक फ्रेम तो मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून बघतो. जे एकाच फ्रेममध्ये दिसलं आणि सेकंदाच्या पुढच्या चोविसाव्या हिश्श्यात गायब झालं, ते चित्राचा भाग नसणार; धूळच असणार. पुसून टाका.

ठीक आहे. पण मग पाऊस?

'पथेर पांचाली'त पहिला पाऊस येतो तो प्रसंग आठवा. तळ्याच्या पाण्यावर किडे भिरभिरतात, गळ टाकून बसलेल्या माणसाच्या टकलावर पहिला थेंब पडतो, आणि मग दुर्गा केस मोकळे सोडून पावसात गरगर फिरते. थेंब म्हणजे काय? एका फ्रेममध्ये दिसणारी आणि पुढच्या फ्रेममध्ये नसणारी बारीक रेघ. संगणकाच्या लेखी तो शुद्ध कचरा! त्याला मोकळं सोडलं तर तो इमानेइतबारे दुर्गेचा पाऊस थांबवेल आणि तळ्यावरचे किडेही टिपून घेईल. म्हणून अशा जागी माणूस बसतो आणि थेंब कुठला नि धूळ कुठली हे डोळ्यांनी ठरवतो. क्रायटेरियनचं हे संगणकावरचं काम सहाएक महिने चाललं.

याहून मोठा मोह चित्रातला रवाळपणा घालवण्याचा असतो. चित्र थांबवून जवळून पाहिलं तर ते वाळूसारखं सळसळताना दिसतं. एक बटण दाबलं की सगळं गुळगुळीत होतं. काही जुन्या चित्रपटांच्या डिस्कवर हे झालेलं आहे, आणि तिथं माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. ती सळसळ हा दोष नव्हेच. ते चांदीचे कण आहेत, चित्र त्यांचंच बनलंय. कण पुसले की त्वचेचा पोत, साडीचा धागा, आभाळाची छटा सगळं त्यांच्याबरोबर जातं. अपूच्या चित्रपटांत ते कण ठेवलेत, आणि ते ठेवूनही चित्र स्थिर, स्वच्छ दिसतं.

गंमत म्हणजे हे कण डिस्कवर मावता मावत नाहीत. चांगल्या ४के स्कॅनमध्ये एका फ्रेमची फाइल ५० मेगाबाइटच्या आसपास भरते. १ लाख ८० हजारांनी गुणा: सुमारे ९ टेराबाइट. ब्लू-रे डिस्कवर जागा ५० गिगाबाइट! चित्राची रुंदी-उंची निम्मी केली तरी भागत नाही. मग डिस्क बनवणारे असं करतात की फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा लिहायचंच नाही. भिंत तशीच आहे? मग 'मघाचीच भिंत' एवढंच नोंदवायचं. पण कण तर प्रत्येक फ्रेमला नव्यानं मांडलेले. त्यांच्यापुढं कुठलीच भिंत 'मघाचीच' राहत नाही. त्यामुळे कुठल्या प्रसंगाला किती जागा द्यायची याची कंजूष वाटणी करावी लागते. पावसाला अर्थातच जास्त.

आणि आवाज? तोही प्रकाशच! चित्राच्या शेजारी एक बारीक पट्टा असतो. त्यातून जाणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्याचाच ध्वनी होतो. म्हणून या पट्ट्यावरची धूळ दिसत नाही, ऐकू येते: टक्, टक्. ती टकटक काढता येते, मागची खरखर दाबता येते. पण जास्त दाबली तर उंच सूर मरतात. 'पथेर पांचाली'त परगावाहून परतलेल्या अपूच्या वडिलांसमोर, हरिहरासमोर, त्याची आई सर्वजया कोसळते तेव्हा तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई टिपेला जाते. रविशंकरांनी हे सगळं संगीत एका रात्रीत, सुमारे अकरा तासांत ध्वनिमुद्रित करून दिलं होतं. खरखर अजिबात नको म्हणणाऱ्याच्या हातून नेमकी ती किंकाळीच बोथट होईल. तेव्हा थोडी खरखर राहू द्यावी लागते.

मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हे चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. 'पथेर पांचाली' जगानं पहिल्यांदा पाहिला तो याच संग्रहालयात, मे १९५५ मध्ये, त्याच्या बरोबर साठ वर्षं आधी. २०१५ च्याच नोव्हेंबरात डिस्कचा संच निघाला आणि घरोघर पोचला.

एवढं झाल्यावर सगळं संगणकात सुरक्षित असेल असं तुम्हाला वाटेल. पण हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडते आणि फाइल उघडणारी यंत्रं त्याहून आधी कालबाह्य होतात. थंड, कोरड्या जागी ठेवलेली आजची पॉलिएस्टर फिल्म मात्र शेकडो वर्षं टिकेल असा अंदाज आहे, आणि ती वाचायला उजेड आणि भिंग पुरतं. म्हणून जगातली कितीतरी संग्रहालयं संगणकावर दुरुस्त झालेला चित्रपट शेवटी एकेक फ्रेम करत पुन्हा फिल्मवरच उतरवून ठेवतात, चांदीच्या कणांत.